बॅकअप सोपा व्हावा म्हणून घरच्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कचे दोन भाग कसे करावेत

"फॉरमॅट मारावा लागेल. डी ला हात लावत नाही, फक्त सी उडवतो." कॉम्प्युटर दुरुस्तीला टाकला की हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं, मग दुकान नवी पेठेतलं असो नाहीतर जुळे सोलापुरातलं. दुकानदार खरं तेच सांगत असतो. अडचण इतकीच की हल्लीच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये डी नसतोच. कंपनीकडून येताना सगळी डिस्क एकाच सी ड्राइव्हमध्ये असते आणि आपले फोटो, मुलांचे दाखले, घरपट्टीच्या पावत्या, हिशोब हे सगळं त्यातच विंडोजच्या शेजारी पडलेलं असतं. सी उडाला की सगळंच गेलं.

मी घरून दोन-तीन टॉवेल कारखान्यांचे हिशोब लिहितो. त्यामुळे माझ्या मशीनवर टॅली आहे, जकार्डच्या डिझाइनच्या फाइली आहेत, आणि घरातल्या सगळ्यांचे फोटो आहेत. माझ्या मशीनचे आणि नात्यातल्या काही मशीनचे भाग मीच पाडले. ते करताना जे कळलं ते इथे क्रमाने लिहितो आहे. विंडोज १० आणि ११ दोन्हींना हे लागू आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे बरेच जण आता ११ टाकून घेत आहेत. भाग पाडायला ही वेळ चांगली आहे.

एक गोष्ट आधीच ठसठशीत सांगतो: भाग पाडणं म्हणजे बॅकअप नव्हे. सी आणि डी एकाच डिस्कवर असतात. वाड्यात भिंत घालून दोन खोल्या केल्या तरी वाडा एकच असतो. तो पडला की दोन्ही खोल्या पडतात. सीवरची फाइल डीवर कॉपी करून "बॅकअप घेतला" म्हणणारे खूप भेटतात. भाग पाडण्याचा फायदा वेगळा आहे. आपली सगळी माहिती एका जागी येते, त्यामुळे ती बाहेरच्या डिस्कवर उतरवणं एका कॉपीचं काम होतं. शिवाय विंडोज बिघडलं तर सी बिनघोर पुसता येतो.

## हाताशी काय हवं

- बाहेरची यूएसबी हार्ड डिस्क. तुमची जेवढी माहिती आहे त्याच्या निदान दुप्पट. पेनड्राइव्हवर हे काम भागवू नका.
- डेस्कटॉप असेल तर चालू बॅटरीचा यूपीएस. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून ठेवायचा आणि बॅटरी भरलेली असावी.
- मायक्रोसॉफ्ट अकाउंटचा ईमेल आणि पासवर्ड.
- क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर, डिस्कची तब्येत बघायला.
- वही-पेन. आकडे लिहून ठेवावे लागतात.
- एक निवांत सुट्टीचा दिवस. भाग पाडायला काही मिनिटं लागतात, पण आधीची कॉपी तासन्‌तास चालते.

ऑनलाइन अगदी स्वस्तात मिळणारे कितीतरी टीबीचे पेनड्राइव्ह घेऊ नका. त्यांची क्षमता खोटी दाखवलेली असते. फाइल गेल्यासारखी दिसते, पण उघडत नाही.

## १. आधी फक्त बघा

विंडोजची कळ आणि एक्स एकत्र दाबा. जी यादी येईल त्यात 'डिस्क मॅनेजमेंट' निवडा. खालच्या अर्ध्या भागात प्रत्येक डिस्कची एक आडवी पट्टी दिसते आणि त्या पट्टीचे तुकडे दिसतात.

आकडे बघून गोंधळू नका. १ टीबीची डिस्क तिथे सुमारे ९३१ जीबी दिसते, ५१२ ची ४७६ आणि २५६ ची २३८. कुणी फसवलेलं नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत.

सी च्या आगेमागे एक-दोन छोटे तुकडे असतात. एकावर 'ईएफआय' आणि दुसऱ्यावर 'रिकव्हरी' असं लिहिलेलं असतं. "हे कशाला जागा खातायत" म्हणून ते काढू नका. पहिल्याशिवाय मशीन चालू होणार नाही, आणि दुसरा विंडोज दुरुस्तीला लागतो.

पट्ट्या दोन असतील, म्हणजे 'डिस्क ०' आणि 'डिस्क १', तर तुमच्या मशीनमध्ये दोन वेगळ्या डिस्क आहेत. असेंबल केलेल्या डेस्कटॉपमध्ये छोटी एसएसडी (चिपवर माहिती साठवणारी वेगवान डिस्क) आणि मोठी हार्ड डिस्क अशी जोडी बऱ्याचदा असते. तुमचं तसं असेल तर भाग पाडायची गरजच नाही. मोठी डिस्क माहितीसाठी ठेवा आणि थेट पायरी ६ वर जा.

## २. किती जागा कुणाला

माझा अनुभव असा आहे:

२५६ जीबीची एकच एसएसडी असेल तर भाग पाडू नका. विंडोज, त्याचे अपडेट आणि चार सॉफ्टवेअर यांतच सी भरत येतो. एकच माहितीचं फोल्डर करा आणि बॅकअप त्याचाच घ्या.

५१२ असेल तर निम्मं-निम्मं. १ टीबी असेल तर सी ला ३०० ते ३३० आणि उरलेलं डी ला. सी ला हात आखडता घेऊ नका. नंतर सी वाढवायचा झाला तर विंडोजला मोकळी जागा सी च्या लगेच उजवीकडेच लागते, आणि तिथे तर डी बसलेला असतो. म्हणजे डी रिकामा करून, पुसून, मग सी वाढवायचा. हे टाळायचं तर आत्ताच सी ला सढळ जागा द्या.

आणि दोनच भाग करा. सी, डी, ई, एफ, जी असे पाच भाग पाडायची जुनी पद्धत आहे, एकात गाणी, एकात सिनेमे. त्यातला एक भरून वाहतो आणि दुसरा रिकामा पडून राहतो. वर्गवारी फोल्डरने करावी, ड्राइव्हने करू नये. भाग पाडल्याने मशीन पळायला लागतं असंही काही जण सांगतात. तसं काही होत नाही.

## ३. आधी सगळं बाहेर काढा

भाग पाडताना माहिती सहसा जात नाही. पण 'सहसा' या शब्दावर लग्नाचे फोटो सोडायचे नाहीत.

आधी क्रिस्टलडिस्कइन्फो उघडून डिस्कची तब्येत बघा. 'गुड' असेल तर पुढे जा. 'कॉशन' किंवा 'बॅड' असेल तर भाग पाडायचा विचार सोडा. आधी माहिती काढून घ्या आणि नवी डिस्क बसवा.

बाहेरची डिस्क जोडा. तिच्यावर उजवी क्लिक करून 'प्रॉपर्टीज' मध्ये फाइल सिस्टिम बघा. एनटीएफएस किंवा एक्सफॅट असेल तर ठीक. फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एकही फाइल त्यावर जाणार नाही. लग्नाचा नाहीतर गड्ड्याच्या यात्रेतल्या नंदीध्वजांच्या मिरवणुकीचा लांब व्हिडिओ इथेच अडकतो.

मग सी मध्ये 'युझर्स' फोल्डर उघडा आणि आपल्या नावाचं पूर्ण फोल्डर कॉपी करा. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स सगळं त्यातच असतं. डेस्कटॉपवर ठेवलेली फाइल समोर दिसते म्हणून ती सुरक्षित आहे असं बऱ्याच जणांना वाटतं. ती सी मध्येच असते.

पण काही गोष्टी या फोल्डरमध्ये नसतात, आणि त्याच हमखास राहतात.

टॅली. टॅलीप्राइमचा डेटा मुळात सी, मग युझर्स, मग पब्लिक, मग टॅलीप्राइम, मग डेटा या वाटेवर असतो. आत कंपनीच्या नावाऐवजी नुसत्या आकड्यांची फोल्डर दिसतात, म्हणून ओळखू येत नाहीत. टॅलीत ऑल्ट आणि वाय दाबून 'बॅकअप' घ्या, आणि टॅली बंद करून ते पूर्ण डेटा फोल्डरही उचला.

जुने मराठी फॉन्ट. याबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्याकडे हा घोळ घरोघरी आहे. श्रीलिपी, आकृती किंवा आयएसएमच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइली युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या मराठीत, नसतात. फाइलमध्ये 'सोलापूर' असं काही साठवलेलं नसतंच. तिथे इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, आणि फॉन्ट त्यांच्यावर मराठी अक्षरांचा चेहरा चढवतो. फॉन्ट असतात सी मध्ये, विंडोजच्या 'फॉन्ट्स' फोल्डरमध्ये. सी पुसला की फॉन्ट जातात. मग सोसायटीचं जुनं इतिवृत्त उघडावं तर कंसात डॉलर, मध्येच टक्क्याचं चिन्ह, त्यापुढे डोक्यावर टिंब असलेली परकी अक्षरं, असं ओळीमागून ओळ. फाइल जशीच्या तशी असते, पण वाचता येत नाही. म्हणून ते फॉन्ट उचलून 'फॉन्ट' नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, सॉफ्टवेअरची सेटअप फाइल असेल तर तीही. जी पत्रं पुढे लागणार आहेत त्यांची पीडीएफ करून ठेवलीत तर आणखी उत्तम.

वनड्राइव्ह. विंडोज ११ मध्ये अकाउंट जोडलं की डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स बऱ्याचदा वनड्राइव्हमध्ये सरकलेले असतात. फाइलजवळ ढगाचं चिन्ह असेल तर ती फाइल तुमच्या डिस्कवर नाही, नुसतं नाव आहे. अशा फोल्डरवर उजवी क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडा, सगळं उतरू द्या, मग कॉपी करा.

ब्राउझरचे बुकमार्क आणि पासवर्ड अकाउंटला सिंक आहेत ना, एवढं बघून घ्या.

कॉपी झाल्यावर बाहेरच्या डिस्कवरच्या पाच-दहा फाइली उघडून बघा. नंतर ती डिस्क काढून कपाटात ठेवा. पुढच्या पायऱ्या ती जोडलेली असताना करू नका. डिस्क मॅनेजमेंटमध्ये चुकीच्या पट्टीवर क्लिक झालं तर निदान ती डिस्क तरी तिथे नसेल.

## ४. रिकव्हरी की कागदावर घ्या

'सेटिंग्ज' मध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' बघा (विंडोज १० मध्ये 'अपडेट अँड सिक्युरिटी'). तिथे 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' चालू असेल तर डिस्क कुलूपबंद आहे. नव्या लॅपटॉपवर हे न विचारता चालू झालेलं असतं. डिस्कमध्ये किंवा बायोसमध्ये (मशीन चालू होताना आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये) बदल झाला की मशीन कधीकधी ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती नसेल तर दुकानदारही काही करू शकत नाही. मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये लॉगिन करून ती की शोधा, छापा आणि घरच्या महत्त्वाच्या कागदांच्या फाइलीत लावा. त्याच कॉम्प्युटरवर सेव्ह करून उपयोग नाही.

## ५. भाग पाडा

यूपीएस चालतो की नाही हे आधी बघा. मशीन चालू असताना भिंतीवरचा स्विच बंद करा. मशीन तगलं तर बॅटरी ठीक आहे. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी वळीव भरून आलं की आपल्याकडे लाइटचा भरवसा नसतो, म्हणून हे काम सकाळी करा.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी वर उजवी क्लिक करून 'श्रिंक व्हॉल्यूम' निवडा. थोडा वेळ शोधाशोध करून एक चौकट येते. तिच्यात चार ओळी असतात आणि सगळे आकडे एमबीमध्ये. पहिली ओळ आत्ताची एकूण जागा, दुसरी जास्तीत जास्त किती कापता येईल, तिसरी तुम्ही भरायची, चौथी कापून उरेल ती.

गफलत तिसऱ्या ओळीत होते. तिथे सी ला किती ठेवायचं ते विचारलेलं नाही. सी मधून किती काढायचं ते विचारलं आहे. डी ला ६०० जीबी द्यायचे असतील तर ६०० गुणिले १०२४, म्हणजे ६१४४०० लिहा. २५० जीबी द्यायचे असतील तर २५६०००. लिहिलं की चौथ्या ओळीतला आकडा बघा. तो तुमच्या मनातल्या सी एवढा आहे का? असेल तरच 'श्रिंक' दाबा.

दुसऱ्या ओळीत जागा फारच कमी दाखवत असेल तर. हे खूप जणांना होतं. सी अर्ध्याहून जास्त रिकामा असतो, तरी कापायला थोडीच जागा मिळते. काही फाइली डिस्कच्या मधोमध बसलेल्या असतात आणि विंडोज चालू असताना त्या हलवता येत नाहीत: हायबरनेशनची फाइल, पेजिंग फाइल आणि सिस्टिम रिस्टोअरच्या जुन्या प्रती. उपाय असा. कंट्रोल पॅनेलमधून 'सिस्टिम प्रोटेक्शन' सी साठी तात्पुरतं बंद करा. 'व्हर्च्युअल मेमरी' मध्ये 'नो पेजिंग फाइल' निवडा. हायबरनेशन बंद करा. मशीन रीस्टार्ट करून पुन्हा श्रिंक करून बघा. बहुतेक वेळा जागा मोकळी होते. काम झालं की या तिन्ही गोष्टी परत चालू करायच्या. हे वहीत लिहून ठेवा, विसरायला होतं.

एवढं करूनही जमलं नाही तर कुठलं तरी क्रॅक केलेलं पार्टिशन सॉफ्टवेअर डाउनलोड करू नका. जेवढी जागा मिळते तेवढ्याचा डी करा, किंवा पुढे कधी विंडोज नव्याने टाकाल तेव्हा भाग पाडा.

श्रिंक झालं की सी च्या उजवीकडे काळ्या पट्टीचा 'अनअलोकेटेड' तुकडा दिसतो. त्यावर उजवी क्लिक करा, 'न्यू सिंपल व्हॉल्यूम'. पुढे नेक्स्ट करत जा, फाइल सिस्टिम एनटीएफएस ठेवा आणि 'क्विक फॉरमॅट' ची खूण राहू द्या. 'व्हॉल्यूम लेबल' मध्ये 'माहिती' असं नाव द्या, मराठीत चालतं. नाव देणं आवश्यक आहे, कारण डीव्हीडी ड्राइव्ह असलेल्या डेस्कटॉपवर डी हे अक्षर आधीच गेलेलं असतं आणि तुमचा नवा भाग ई होतो. दुकानात "डी ला हात लावू नका" म्हणाल आणि माहिती असेल ई मध्ये.

## ६. माहिती नव्या भागात हलवा

नव्या ड्राइव्हवर आधी फोल्डर करा: फोटो, कागदपत्रं, हिशोब, डिझाइन, फॉन्ट. जुन्या सॉफ्टवेअरला मराठी नावं झेपत नाहीत, म्हणून टॅलीचं फोल्डर मात्र इंग्रजी अक्षरांत ठेवा.

आता डॉक्युमेंट्सवर उजवी क्लिक करा, 'प्रॉपर्टीज', मग 'लोकेशन', मग 'मूव्ह'. डीमधलं त्यासाठी केलेलं फोल्डर निवडा आणि फाइली हलवू का असं विचारल्यावर 'येस' म्हणा. पिक्चर्स, व्हिडिओज, डाउनलोड्स आणि डेस्कटॉप यांचंही तसंच. प्रत्येकाला वेगळं फोल्डर द्या. नुसता डी ड्राइव्ह निवडलात तर अख्खा डी म्हणजेच डॉक्युमेंट्स होऊन बसतो आणि ते परत फिरवताना विंडोज हटून बसतं.

वनड्राइव्ह वापरत असाल तर आधी त्याच्या सेटिंगमध्ये 'मॅनेज बॅकअप' मधून ही फोल्डर बाहेर काढा. नाहीतर तुम्ही डीकडे ओढाल आणि ते आपल्याकडे.

सॉफ्टवेअर मात्र सी मध्येच राहू द्या. ती नंतर पुन्हा टाकता येतात.

## ७. बॅकअपची सवय

इथे आलात की अवघड भाग संपला. बॅकअप म्हणजे आता डीवरची फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवणं. दरवेळी सगळं कॉपी करायला नको. फ्रीफाइलसिंक हे मोफत सॉफ्टवेअर फक्त बदललेल्या फाइली उचलतं. त्यात सुरुवातीला 'अपडेट' हा प्रकार निवडा. 'मिरर' मध्ये इकडे पुसलेली फाइल तिकडेही पुसली जाते. चुकून फोल्डर उडालं असेल तर बॅकअपमधूनही जातं.

हिशोबासाठी वेगळा नियम ठेवा. टॅलीचा डेटा खराब झाला आणि तोच बॅकअपवर चढला तर चांगली प्रत उरत नाही. म्हणून महिन्याला वेगळं फोल्डर करा, आणि ३१ मार्चनंतरची वर्षअखेरीची प्रत कायम ठेवा.

जाणकार ३-२-१ असा नियम सांगतात: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. आपल्याला जमेल असा अर्थ हा की एक प्रत कॉम्प्युटरवर, एक कपाटातल्या डिस्कवर आणि एक दुसऱ्या घरी. मुलगा किंवा मुलगी पुण्यात असेल तर दुसरी डिस्क तिकडे द्या आणि दिवाळीला बदलून घ्या. दुकानातली चूक, चोरी, आग, वीज, यांतून हीच प्रत वाचते.

बॅकअप झाला की डिस्क 'इजेक्ट' करून काढून ठेवा. जोडून ठेवलेल्या डिस्कवर विजेचा झटकाही येतो आणि व्हायरसही. पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका. उन्हाळ्यात इथे सावलीतच पारा चाळिशीपार जातो, पत्र्याखाली त्याहून वाईट. आतल्या खोलीतलं कपाट बरं.

डिस्क जोडल्यावर कधी "फॉरमॅट करू का" असं विचारणारी चौकट आली तर 'कॅन्सल' दाबा. केबल बदलून, दुसऱ्या पोर्टला लावून बघा. बऱ्याचदा दोष तिथेच असतो.

## ८. परत आणून बघा

दर दोन-तीन महिन्यांनी बॅकअपची डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा. एक जुना फोटो, एक मोठा व्हिडिओ, एक श्रीलिपीतलं पत्र उघडा, आणि टॅलीचा बॅकअप 'रिस्टोअर' करून ताळेबंद जुळतो का बघा. रिस्टोअर रिकाम्या जागेत करा, चालू कंपनीवर करू नका. कॉपी करताना डिस्क अडखळत असेल, टकटक आवाज येत असेल किंवा एखादी फाइल उघडत नसेल तर त्याच आठवड्यात नवी डिस्क आणा आणि सगळं नव्याने उतरवा.